फॅरिसने कोल्हापुरी बोलावे का? मराठी पॅचवरील चर्चा

शाहूपुरीकर : काल येथे रंकाळाकाठ यांनी लिहिले की, ‘फायनल फँटसी फाइव्ह’ या व्हिडिओ गेमचा इंग्रजी पॅच (खेळातील मजकूर बदलणारी फाइल) असताना मराठी पॅच करणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे आहे, कारण असे खेळ खेळणाऱ्याला इंग्रजी येतेच. हे वाचून गप्प बसवेना. १९९२ साली हा खेळ सुपर फॅमिकॉम या खेळयंत्रावर आला तो फक्त जपानीत, आणि अधिकृत इंग्रजी आवृत्ती १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर निघाली. तोपर्यंत चाहत्यांनी स्वतःच इंग्रजी पॅच तयार केला होता. त्यांनाही ‘जपानी शिका’ असे सांगता आले असते. माझा कागलचा आतेभाऊ मराठी माध्यमात शिकला. लढाया तो सहज जिंकायचा, पण संवाद आला की नुसता बटण दाबत सुटायचा. स्मृती गेलेला गॅलफ मुळात कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. कोणी खेळायचे हे आपण कोण ठरवणार?

रंकाळाकाठ : तुमच्या आतेभावाबद्दल मला आदर आहे, माझा आक्षेप कामाच्या आवाक्याला आहे. सुपर फॅमिकॉमचे चित्र ८×८ बिंदूंच्या चौकटींचे बनते. त्यात रोमन अक्षर बसते. ‘कीर्ती’मधील वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर कोठे काढणार? यंत्राला जोडाक्षर जुळवता येत नाही. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा अधिकार मूळ हक्कधारकाकडे असतो, याचा विचार कोणीच करत नाही. असे उत्साहात सुरू झालेले आणि मेनूपाशीच थांबलेले प्रकल्प मी पुष्कळ पाहिले आहेत.

राजारामपुरी : अक्षरांपुरते बोलतो. एका चौकटीत अक्षर बसत नसेल, तर दोन चौकटी एकावर एक ठेवून सोळा बिंदूंची उंची घ्यावी. सगळी बाराखडी रेखाटण्याचीही गरज नाही. संहिता पूर्ण करून तिच्यात प्रत्यक्ष आलेली अक्षरेच जोडाक्षरांसह काढावीत आणि प्रत्येकाला दोन बाइटचा संकेत द्यावा. मूळ रॉम, म्हणजे खेळाची फाइल, दोन मेगाबाइटची आहे, ती वाढवून मजकूर नव्या जागेत हलवता येतो. मग सगळे पॉइंटर, म्हणजे मजकूर कोठे आहे हे सांगणारे पत्ते, नव्याने लिहावे लागतात. खरी अडचण वेगळीच आहे. अक्षरागणिक रुंदी मोजणारी आज्ञावली रोमनसाठी लिहिताना प्रत्येक अक्षरानंतर एका बिंदूची मोकळी जागा सोडतात. तीच आपण उचलली, तर शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि वाक्य वाचवत नाही. कायद्याचा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. पॅचमध्ये फक्त बदललेले बाइट असतात हे खरे, पण त्यांतले भाषांतर भाषांतरच असते. निदान रॉम वाटू नये आणि पैसे घेऊ नयेत.

शाहूपुरीकर : मेनूचे काम मी सुरू केले आहे. फॅरिस ही खेळातील चाच्यांची म्होरकी असल्यामुळे तिचे संवाद कोल्हापुरीत लिहिले आहेत.

जयसिंगपूर : येथेच माझा तीव्र विरोध आहे. कोल्हापुरी बोली दरवेळी लुटारूच्या, गुंडाच्या किंवा हसवणाऱ्या गड्याच्याच तोंडी का येते? राजकन्या लेन्नाला प्रमाण मराठी आणि चाच्याला आमची बोली, ही वाटणी तुम्हाला सुचलीच कशी? पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा बैठकीत मी तोंड उघडले की लोक आधी हसत आणि मग ऐकत. प्लेस्टेशनच्या इंग्रजी आवृत्तीनेही फॅरिसला असेच भडक चाच्याचे बोलणे दिले होते, आणि २००६ च्या गेम बॉय अॅडव्हान्स आवृत्तीत ते काढून टाकले गेले. तीच चूक तुम्ही मराठीत करत आहात.

शाहूपुरीकर : मी बोलीची टवाळी केली, असा आरोप सहन करणार नाही. घरी आम्ही हीच बोली बोलतो.

उत्तरेश्वर : दोघांनीही फॅरिसकडे नीट पाहावे. ती मुळात टायकून राज्याची राजकन्या सारिसा, लेन्नाची थोरली बहीण. पुरुष म्हणून वावरते. जपानी किंवा इंग्रजी क्रियापदावरून बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे कळत नाही. प्रमाण मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतून ते लगेच उघड होते. सोबत्यांना गुपित कळल्यावर तिने अचानक ‘आले, गेले’ म्हणू लागावे काय? तिचा रांगडेपणा तर पुढेही तसाच राहतो. आपल्याकडे मात्र बायका-मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. माझी आई आजही तसेच बोलते. त्यामुळे फॅरिसला बोलणे बदलावे लागत नाही. ही सोय प्रमाण मराठीत नाही.

जयसिंगपूर : हे माझ्या ध्यानात आले नव्हते. फॅरिसपुरता विरोध मागे घेतो, पण तिच्या टोळीतील इतर चाच्यांना कोल्हापुरी देण्यास नाही म्हणजे नाही. बोली द्यायचीच असेल, तर गावच्या शहाण्या म्हाताऱ्यांना आणि एखाद्या राजालाही द्या.

रंकाळाकाठ : हे काम पूर्ण होईल, असे मला अजूनही वाटत नाही. तरीही शिरोरेषा न तुटता लिहिलेल्या एका संवादचौकटीचे चित्र दाखवा; तेवढे झाले, तर शस्त्रांची आणि मंत्रांची नावे तपासून देण्याचे काम मी घेईन.