'एनहार्मोनिक'ला मराठीत काय म्हणावे?

पाश्चात्त्य संगीतावरच्या एका लेखाचे भाषांतर करतोय. पियानोवर सी शार्प (सीच्या अर्धा स्वर वर) आणि डी फ्लॅट (डीच्या अर्धा स्वर खाली) एकाच काळ्या पट्टीवर वाजतात. अशा 'एनहार्मोनिक' जोडीला मी 'समस्वर' म्हटले, पण पुढे लेखकच हे दोन वेगळे स्वर धरतो. शब्द चुकलाय का? आणि पट्टी एक तर नावे दोन कशाला?

— 'समस्वर' नको. सारखा आहे तो नाद. 'दिन' आणि 'दीन' बोलताना कानाला सारखेच, पण लिहिताना चुकलात तर दिवसाचा गरीब होतो! जी-बी-डी-एफ वाजवून पाहा. एफ खाली ईवर उतरू पाहतो. त्याच चार पट्ट्या जी-बी-डी-ई शार्प अशा लिहिल्या, की ई शार्पची ओढ वर एफ शार्पकडे. बोटे जागची हलली नाहीत, पुढची वाट मात्र बदलली. शिवाय एफ शार्प मेजर या स्वरमालिकेत ई शार्पऐवजी एफ लिहिला तर एफ दोनदा येतो आणि ई गायब.

(पेटीवाले 'काळी एक' म्हणून मोकळे होतात, तेच बरे.)

— मग 'समनाद' चालेल?

— तोही जपून. नाद एक होतो तो सप्तकाचे १२ सारखे भाग केल्यावर. पाव-कॉमा मीनटोन या जुन्या स्वरजुळणीत जी शार्प आणि ए फ्लॅट यांत सुमारे ४१ सेंटचे अंतर पडते, आणि आजचा अर्धस्वर १०० सेंटचा. म्हणून जुन्या काही ऑर्गनांत काळी पट्टी चिरून तिच्या दोन केलेल्या असत.

— हिंदुस्थानीत असा शब्द सापडणार नाही, कारण गरजच पडली नाही. कोमल रे म्हणजे कोमल रे, त्याला 'तीव्र सा' कोणी म्हणत नाही. कर्नाटक पद्धतीत मात्र स्वरस्थाने १२ आणि नावे १६. चतुःश्रुती रिषभ आणि शुद्ध गांधार यांची जागा एकच. कनकांगी रागात शुद्ध रिषभानंतर शुद्ध गांधार येतो. आपल्या कानाला ते कोमल रे, शुद्ध रे असे लागोपाठ दोन रे वाटतात, पण तिथे दुसरा 'ग'च. शब्द तिथूनच घ्या: 'एकस्थानी'.

— मला पटले. मूळ ग्रीक शब्दाच्या वाटेला जाऊ नका. ग्रीकांचा 'एनहार्मोनिक' प्रकार पाव स्वरांएवढ्या बारीक अंतरांचा होता, म्हणजे जवळजवळ उलटाच.

— 'एकस्थानी' घेतला. मीनटोनच्या परिच्छेदात 'इथे ही जोडी एकस्थानी नाही' असे लिहून पाहिले. वाक्य बसले.