शब्दचर्चा : ‘उपकारस्तुती’, ‘लीन सेवा’ आणि ‘श्रद्धा जगणे’

निळी शाई
एका धर्मभगिनीच्या व्रतजीवनाला पन्नास वर्षं होताहेत. मानपत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला आलाय, त्यातलं हे वाक्य : ‘आपण विनम्र सेवा आणि कृतज्ञता यांद्वारे आपली कॅथलिक श्रद्धा जगलात.’ अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. श्रद्धा ‘जगतात’ का? ‘विनम्र सेवा’ वाचून निमंत्रणपत्रिकेतली ‘नम्र विनंती’ आठवते, त्याऐवजी ‘लीन सेवा’ म्हणावं का? शिवाय प्रार्थनांमध्ये ‘उपकारस्तुती’ असा शब्द सापडतो. तो आणि ‘कृतज्ञता’ एकच का? जाणकारांनी मदत करावी.

पाटीपेन्सिल
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘जगणे’ अकर्मक. ‘आयुष्य जगणे’ चालतं, कारण तिथे कर्म म्हणजे क्रियेचंच दुसरं नाव, ‘चाल चालणे’सारखं. ‘श्रद्धा जगणे’, ‘मूल्ये जगणे’ हे इंग्रजीतून आलेलं. हल्ली भाषणांमध्ये फार ऐकू येतं, पण मानपत्रात मी लिहिणार नाही. ‘श्रद्धेनुसार जगलात’ किंवा ‘श्रद्धा आचरणात आणलीत’ म्हणा. बाकी दोन शब्दांबद्दल धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी बोलावं.

ओवीकर
उपकारस्तुतीबद्दल. मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, ‘युखारिस्त’ म्हणतात, तो ग्रीक शब्द आहे आणि त्याचा साधा अर्थ आभार मानणं. आजच्या ग्रीकमध्येही ‘एफ्हारिस्तो’ म्हणजे ‘आभारी आहे’. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर घेतली आणि आभार मानून ती मोडली, हे बायबलमध्ये लूक आणि पौल दोघेही सांगतात. तिथलंच क्रियापद पुढे या विधीचं नाव झालं. म्हणजे कॅथलिकांच्या सर्वांत मोठ्या उपासनेचं नावच ‘आभार’.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकटाच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे परका. त्याच्या आभारांसाठीही तेच क्रियापद आहे. बरे दहाही झाले होते. त्यामुळे ‘बाकीचे नऊ कोठे आहेत?’ या येशूच्या प्रश्नात बरेपण काढून घेण्याची धमकी दिसत नाही. राग असेल तर तो वेगळ्या गोष्टीचा आहे.

आता मराठीकडे. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेलं जाणणारा, ‘कृतघ्न’ म्हणजे केलेलं मारून टाकणारा. जाणणं मनातल्या मनात होऊ शकतं. ‘उपकारस्तुती’त मात्र स्तुती आहे, तोंड उघडावं लागतं, नऊ जणांनी जे केलं नाही ते करावं लागतं. म्हणून दोन्ही शब्द एक नाहीत. माझ्या मते मानपत्रात ‘उपकारस्तुती’च हवा.

‘ऋण’ मात्र टाळा. ‘प्रभूचं ऋण फेडलंत’ असं कुणीतरी सुचवेलच, कारण मराठीत उपकार आणि ऋण हातात हात घालून चालतात. ग्रीक ‘खारिस’ आणि लॅटिन ‘ग्रात्सिया’ या दोन्ही शब्दांत कृपा आणि आभार असे दोन्ही अर्थ आहेत. कृपा फुकट असते, तिची परतफेड होत नाही. मिस्सेच्या एका प्रस्तावना-प्रार्थनेत तर म्हटलंय की देवाला आमच्या स्तुतीची गरज नाही, आणि आभार मानण्याची आमची इच्छा हीसुद्धा त्याचीच देणगी. फेडायचं म्हटलं तर चलनही धनकोचंच!

कुंपणावरचा
मी श्रद्धाळू नाही, तरी एक शंका. ‘लीन’, ‘दीन’, ‘दास’, ‘सेवक’ या शब्दांना मराठीत वाकण्याचा वास येतो. ‘दीनवाणा’ कुणाला व्हायचंय? ज्या बाईने पन्नास वर्षं राबून काढली, तिला ‘दीन’ म्हणणं हा गौरव कसा?

ओवीकर
रास्त शंका. ‘दीन’ मीही वापरणार नाही. येशूची आई मरिया हिच्या गीतात ‘दासीच्या दैन्यावस्थेचे अवलोकन’ असं मराठी बायबलमध्ये आहे, पण तिथे ती स्वतःबद्दल बोलते. स्वतःला दीन म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याने आपल्याला म्हणणं वेगळं. पोप पहिले ग्रेगरी (कार्यकाळ 590 ते 604) स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवत आणि ही पदवी पोप आजही लावतात. इतरांनी त्यांना तसं संबोधून काम सांगावं, असा तिचा अर्थ नाही.

‘लीन’ चांगला शब्द आहे. ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे’ हे मत्तयच्या शुभवर्तमानात खुद्द येशूच्या तोंडी आहे. लॅटिनमधला नम्रतेचा शब्द ‘हुमुस’, म्हणजे माती, जमीन, यावरून आलाय. आपल्या ‘लीन’मध्ये चिकटणं, विरघळणं आहे : तल्लीन, विलीन. जमिनीवर असणं आणि कामात विरून जाणं, दोन्ही या संदर्भात शोभतात.

तळटीप
सेवेबद्दल माझी भर. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर होते, तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, म्हणतात की वचन सोडून आम्ही ‘पंक्तिसेवा’ करणं ठीक नाही, आणि त्यासाठी सात जण निवडायला सांगतात. परंपरेने हे पहिले डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक. मराठी भाषांतरकाराला इथे ‘पंक्तिसेवा’ सुचला याचं मला फार कौतुक वाटतं. गंमत अशी, की दोनच ओळींनंतर प्रेषित स्वतःच्या कामाला ‘वचनाची सेवा’ म्हणतात. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘दियाकोनिया’ याच शब्दाचं कुटुंब आहे. म्हणजे पंगतीत वाढणं आणि प्रवचन देणं यांच्यासाठी वेगळ्या प्रतिष्ठेचे दोन शब्द नाहीत.

आणि कुंपणावरचा यांच्यासाठी : योहानच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा पेत्र आधी नकार देतो. त्याला वाकायला सांगितलेलं नाही, पाय पुढे करायला सांगितलंय, आणि तेच त्याला जड जातं. सेवा करून घेण्यातही लीनता लागते. म्हणून या शब्दाला लाचारीचा वास यायचं कारण नाही. पाय धुणाऱ्याला तिथेच ‘गुरू’ आणि ‘प्रभू’ म्हटलेलं आहे.

पवित्र गुरुवारच्या, म्हणजे शेवटच्या भोजनाच्या स्मरणदिनाच्या, मिस्सेत पौलाचं भाकर मोडण्याचं वाचन आणि योहानचं पाय धुण्याचं वाचन एकामागोमाग येतात. उपकारस्तुती आणि सेवा यांचा संबंध दाखवायला मला याहून चांगलं ठिकाण माहीत नाही.

संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या, मठवासीयांसाठीच्या नियमावलीत तर हे थेट स्वयंपाकघरात आणलंय. आठवड्याची पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा, दोघे मिळून सगळ्यांचे पाय धुतात. मग संपवणारा देवाचे आभार मानतो आणि सुरू करणारा मदत मागतो. मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावीत, असंही कोठाराची जबाबदारी असलेल्याला सांगितलंय. त्या सिस्टर नेमकं काय काम करत होत्या? मानपत्रात विशेषणांऐवजी ते आलं तर बरं.

निळी शाई
त्या आजाऱ्यांची शुश्रूषा करायच्या, रात्रपाळी जास्त. सगळ्यांचे आभार (उपकारस्तुती प्रभूसाठी राखून ठेवते). आता असं केलंय : ‘रात्रीच्या रात्री रुग्णांच्या उशाशी बसून आपण लीन मनाने सेवा बजावलीत. हीच आपली उपकारस्तुती.’

पाटीपेन्सिल
छान. फक्त ‘सेवा बजावलीत’ काढा, त्याने सरकारी पदक दिल्यासारखं वाटतं. ‘सेवा केलीत’ पुरे. आणि ‘रात्रीच्या रात्री’ऐवजी ‘रात्र रात्र’.