मदत हवी आहे: बाबांची १९८८ची चेतक, आपोआप चढणारी रेस आणि डिकीवरची अक्षरं

मंडळी,

बाबांची बजाज चेतक स्कूटर मिरजेच्या घरामागे शेडमध्ये बारा वर्षं उभी होती. गेल्या महिन्यात मी ती बाहेर काढली. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, नवा प्लग घातला, लिटरला २० मिली टूटी (2T, टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळून पेट्रोल भरलं. गाडी जराशी आडवी करून किक मारत राहिले आणि सातव्या किकला ती बोलली! आवाज ऐकून बाबा अनवाणीच अंगणात आले.

पण अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही, इंजिन तापलं की उलट चढत जाते. केबल मोकळी आहे, कार्बोरेटरमधली वरखाली होणारी स्लाइडही अडकत नाही. मिस्त्री म्हणतात, सिलिंडर बोअर करून (आतून घासून) पिस्टन बदलू. मला शंका मॅग्नेटकडच्या (प्लगला वीज देणाऱ्या चाकाच्या बाजूच्या) ऑइल सीलची आहे. इतकी वर्षं उभ्या गाडीतलं रबर कडक होतं, तिथून हवा ओढली गेली की पेट्रोल कमी पडतं आणि रेस चढते. क्लचकडचं सील गेलं असतं तर गिअर ऑइल आत खेचलं जाऊन पांढऱ्या धुराचे लोट आले असते, तसं काही नाही. माझा तर्क बरोबर आहे का? इंजिन उतरवलंच तर क्लचकडचंही सील बदलून घ्यावं का? पिस्टन जळू नये म्हणून सध्या गाडी बंदच ठेवली आहे. पेट्रोलची नळी आणि कॉकचं रबर मात्र बदलणारच, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलात जुनं रबर टिकत नाही.

दुसरं, ब्रेक पॅडलजवळ फूटबोर्ड आरपार गंजलाय. पुट्टी भरून वर रंग मारायला माझा ठाम नकार आहे. या गाडीला वेगळी चेसी (सांगाडा) नाही, सगळा भार पत्राच पेलतो. गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करताना बॉडी वाकू नये म्हणून आधार कुठे द्यावा, हे कुणी केलं असेल तर फोटोसकट सांगा.

रंग मूळचाच ठेवणार. बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते, आणि आरसीचं नूतनीकरण आधीच राहिलंय. माझ्याकडून भर एवढीच, की मागच्या सीटला पाठ टेकायला आधार बसवायचा आहे. बाबांचे गुडघे गेलेत, आता ते मागे बसतील.

आणि सगळ्यात जिवाचा प्रश्न. गाडी घरी आली त्या आठवड्यात बाबांनी पेंटरकडून डिकीवर 'आईचा आशीर्वाद' लिहून घेतलं होतं. पिवळी अक्षरं, लाल सावली. 'शी'ची वेलांटी पार मागच्या दिव्यापर्यंत गेलीय. खालचा रंग पोपडे धरतोय. आहे त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारला तर अक्षरं धरून राहतील का? की ट्रेसिंग घेऊन नव्याने लिहून घ्यावीत? स्टिकर नको आहे. सांगली-कोल्हापूर भागात अजून ब्रशने अक्षरं काढणारं कुणी माहीत असेल तर गाव नक्की कळवा, मी डिकी घेऊन तिथे जाईन.