मदत हवी आहे: जिफ अ‍ॅनिमेशन फॅक्सने पाठवायचंय

मंडळी, आधी हसून घ्या, मग मदत करा. मी जपानमध्ये नागोयाजवळ एका कारखान्यात डिझाइनला आहे. आमच्या एका छोट्या पुरवठादाराचे मालक सत्तरी ओलांडलेले. काम सोन्यासारखं, पण ऑर्डर, ड्रॉइंग, तक्रार, सगळं फॅक्सवर. त्यांना फ्लँजचे (जोडणीच्या गोल चकतीचे) सहा बोल्ट समोरासमोर कोणत्या क्रमाने आवळायचे ते दाखवायचंय, आणि माझ्याकडे आहे फक्त ३६ फ्रेमची जिफ फाइल. मूळ मॉडेल बनवणारा नोकरी सोडून गेला.

इमेजमॅजिक या चित्रं हाताळायच्या प्रोग्रॅमने फ्रेम सुट्या केल्या. पहिली ठीक आली. दुसरीपासून सगळं पान काळं आणि कोपऱ्यात नुसता पाना नि अर्धा बोल्ट. पहिली फ्रेम मोनोक्रोम करून आमच्याच वरच्या मजल्यावरच्या मशीनवर पाठवून पाहिली. आठ मिनिटं लागली, आणि गोल फ्लँज अंड्यासारखा उभट निघाला.

प्रतिसाद १
पेनड्राइव्ह कुरिअर करा की राव.

धागाकर्ता
त्यांच्या कार्यशाळेत कॉम्प्युटरच नाही हो.

प्रतिसाद २
जिफमध्ये बहुतेक वेळा पुढच्या फ्रेममध्ये फक्त बदललेला तुकडा ठेवलेला असतो, बाकी पारदर्शक. सुट्या करण्याआधी 'कोअलेस' पर्याय लावा, प्रत्येक फ्रेम पूर्ण भरून मिळेल. तरीही कुठे पारदर्शक भाग उरला तर तो काळा होतो, म्हणून पार्श्वभूमी पांढरी देऊन अल्फा (पारदर्शकतेची माहिती) काढून टाका. हे सगळं काळं-पांढरं करण्याआधी. नंतर केलंत तर उपयोग नाही.

अंड्याचं कारण वेगळं. फॅक्सची ओळ १७२८ ठिपक्यांची, आडवे इंचाला २०४. उभ्या ओळी मात्र साध्या मोडमध्ये इंचाला ९८ आणि फाइनमध्ये १९६. तुमचं चित्र साध्या मोडमध्ये गेलंय, म्हणून दुप्पट उंच झालं. फॅक्ससाठी टिफ (चित्राची फाइल) बनवताना घनता २०४ बाय १९६ लिहा आणि फाइन मोडनेच पाठवा.

प्रतिसाद ३
आठ मिनिटांचा दोष डिदरिंगचा. 'मोनोक्रोम' पर्याय करड्या रंगाच्या जागी ठिपक्यांची रांगोळी घालतो. फॅक्स मात्र "इतके पांढरे, मग इतके काळे" अशी मोजदाद करून ओळ पाठवतो. पूर्ण कोरी ओळ १७ बिटांत जाते. पण एक पांढरा, एक काळा असं आलं की पांढऱ्याला ६ आणि काळ्याला ३ बिट, म्हणजे दोन ठिपक्यांना ९! आकुंचन करायला बसवलेली पद्धत उलट फाइल फुगवते. तुमचं रेषाचित्र आहे, फोटो नाही. आधी १७२८ रुंदीला मोठं करा, मग ५० टक्क्यांचा साधा थ्रेशोल्ड लावा, म्हणजे त्याहून गडद ते काळं, उजळ ते पांढरं.

धागाकर्ता
कोअलेसने काम झालं, धन्यवाद! थ्रेशोल्डने नवीन भानगड. चित्रातला लाल बाण काळा आला, हिरवा गायब. ७५ टक्के केलं तर हिरवा दिसतो, पण फ्लँजचा करडा भाग काळाकुट्ट डाग होतो.

प्रतिसाद ३
हिरवा डोळ्यालाही लालपेक्षा उजळ दिसतो, त्यामुळे तो पांढऱ्याच्या बाजूला पडतो. रंगाशी झगडू नका. ५० टक्क्यांवर ठेवा, बाण विसरा आणि बोल्टच्या शेजारी जाड आकडे टाका. ३६ फ्रेम कशाला, सहाच निवडून एका पानावर दोन-दोनच्या तीन रांगा लावा. छटा हव्यातच असतील तर फ्लँजला तिरक्या रेघा मारा, जुन्या ड्रॉइंगसारख्या.

धागाकर्ता
केलं. सहा चित्रं, हाताने आकडे, रेघा. पान मिनिटभरात गेलं. पाऊण तासाने तोच कागद फॅक्सने परत आला. चौथ्या चित्रात ५ आकडा दोन बोल्टांवर पडलाय, त्यावर पेन्सिलने गोल.