लसींच्या बिलातलं नक्की काय टाळता येतं?

खरडवही

घरात एक कुत्रा, एक मांजर. कुत्रा ढब्बू, पंधरा महिन्यांचा, वजन २०.३ किलो. मांजर ठकी, नऊ वर्षांची, उंबरठासुद्धा ओलांडत नाही. मला घरखर्च वहीत लिहायची जुनी खोड आहे आणि या दोघांना वहीत वेगवेगळी पानं दिली आहेत. काल ढब्बूचं पान बेरजेला घेतलं. खाण्याच्या खालोखाल दवाखाना! आणि हा प्राणी वर्षभरात एकदाही आजारी पडलेला नाही.

आता यंदाची यादी हातात आली आहे. एकत्रित लस (तिच्यात किती रोग आहेत ते मोजताना मी सातावर थांबले), रेबीज, खोकल्याची नाकात सोडायची लस, कोरोनाची लस (आपली नव्हे, कुत्र्यांची वेगळी असते म्हणे), दर महिन्याला जंताची गोळी, दर तीन महिन्यांनी गोचिडांची गोळी, आणि ठकीसाठी 'वार्षिक तपासणी व लसीकरण'. खाली एकच आकडा. तो लिहून उपयोग नाही, जागोजागी वेगळाच असणार. मी मात्र चष्मा पुसून पुन्हा वाचला.

शंका अशा. ढब्बू पिल्लू असताना ८ आणि १२ आठवड्यांचे डोस वेळेवर झाले. १६ व्या आठवड्याचा डोस घरातल्या आजारपणात राहिला, तो २१ व्या आठवड्यात दिला. तेव्हा "आधीचं सगळं वाया गेलं" असं ऐकवून महिन्याभराने आणखी एक डोस दिला गेला. तो खरंच लागत होता का? दुसरं, एवढं सगळं दरवर्षी लागतं का? आणि ठकी घराबाहेर पडतच नाही तर तिला कशासाठी न्यायची? गेली दोन वर्षं नेलेली नाही, चांगली आहे की.

दिरांचा सल्ला: "बाटली दुकानातून आणा वहिनी, टोचतो मी. गुरांना टोचलंय." त्यांना अजून हो म्हटलेलं नाही.

पायपुसणं

बाकीचं जाणकार सांगतील, मी माझं पान उघडतो. आमच्या पिल्लाचा दुसरा डोस मी 'पगार झाल्यावर बघू' म्हणत तीन आठवडे लांबवला आणि पार्वो झाला, म्हणजे कुत्र्यांची जीवघेणी हगवण. सहा दिवस सलाईन. पिल्लू वाचलं. ते बिल नंतर लसींच्या खर्चाशी ताडून पाहिलं, तर कुत्र्याच्या आख्ख्या जन्माच्या लसी त्यात बसून वर उरत होत्या.

हा रोग १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पोचला, इतका चिवट विषाणू आहे. मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साबणाने मरत नाही. आधी घाण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, आणि ती जागा दहा मिनिटं ओली ठेवायची. फरशीचं जमलं. अंगणाच्या मातीचं काय करणार? त्याला जोडीदार आणायचा होता, तो बेत वर्षभर पुढे ढकलला.

काउंटरपलीकडे

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं एका प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरवर होते, बिलं मीच फाडायचे. त्यामुळे कोणत्या ओळीवर लोक वाद घालतात आणि कोणत्या ओळीवर घालायला हवा, हे दोन्ही बघितलं आहे.

आधी तुमचा २१ आठवड्यांचा डोस. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळतं. ते अंगात असेपर्यंत बाहेरून दिलेल्या लसीलाही ते निकामी करतं. कुणाचं ते आठव्या आठवड्यात उतरतं, कुणाचं चौदाव्या, वरून बघून कळत नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस देत राहायचं आणि शेवटची सोळा आठवडे भरल्यावरच द्यायची. लोकांना वाटतं तीन डोस म्हणजे भिंतीला तीन हात रंग. तसं नाही. त्यातला एक लागू पडायला हवा, कोणता पडेल ते माहीत नाही, म्हणून तीन. तेव्हा तुमचा उशिराचा डोस बहुधा सगळ्यांत कामाचा ठरला असेल. डिस्टेंपर (श्वास आणि मेंदूवर जाणारा विषाणूरोग), पार्वो आणि ॲडिनोव्हायरस (यकृताला गाठणारा) यांच्या जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या लसीचा त्या वयात एकच डोस पुरतो. धोका होता तो मधल्या पाच आठवड्यांत, तेवढ्यात तो उघडा होता. त्यातून सुटलात.

मग ज्यादा डोस कशाला? एकच समर्थन सुचतं: लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस. ती लस मेलेल्या जंतूंची असते, तिचे पहिले दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने व्हावे लागतात. अगदी लहान पिल्लाला पुष्कळदा लेप्टो नसलेली बाटली देतात. तुमच्या पहिल्या डोसात लेप्टो नसेल, तर १२ आणि २१ मधलं अंतर जास्त झालं आणि तो पुन्हा घेणं बरोबर होतं. कार्डावर बाटलीचं स्टिकर असेल, वाचून बघा.

आता दरवर्षीचं. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची वसावा नावाची जागतिक संघटना आहे, तिने लसीकरणाची मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्ये नव्याने काढली. ती कुणालाही फुकट वाचता येतात. वर सांगितलेल्या तीन रोगांच्या लसी, पिल्लाचा क्रम आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर, तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नयेत असं त्यात आहे. हल्ली तो बूस्टर वर्षभर न थांबता २६ आठवड्यांनंतर द्या म्हणतात. ढब्बूचा झालेला दिसत नाही, तेव्हा यंदाची एकत्रित लस निमूटपणे घ्या. पुढच्या वर्षी विचारा: "लेप्टोची बाटली सुटी मिळेल का?" कारण लेप्टो दरवर्षीच लागते, तिचा असर साधारण वर्षभरच. सगळीकडे सुटी बाटली ठेवत नाहीत. तरी विचारा. मागणी असली की मागवतात, आमच्याकडे तसंच सुरू झालं होतं.

रेबीजवर घासाघीस नको. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळपास कुणालाच सोडत नाही आणि माणसाला होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच. एक वर्षाची की तीन वर्षांची, हे बाटलीवर काय लिहिलंय आणि तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो यावर ठरतं.

कोरोनाची लस वसावा सुचवतच नाही. ती ओळ खोडायला सांगा. खोकल्याची लस कुत्रा वसतिगृहात, प्रशिक्षण वर्गात किंवा बऱ्याच कुत्र्यांत मिसळत असेल तर घ्यावी.

जंताची गोळी: मोठ्या कुत्र्याला साधारणपणे वर्षातून चारदा पुरते. कच्चं मांस खात असेल, शिकार करत असेल किंवा घरात रांगतं मूल असेल तर महिन्याला देतात, तेव्हा डॉक्टरांना तसं का सांगितलं ते विचारा. शी तपासून घेणं हाही मार्ग आहे. आणि पिसवा असतील तर आधी त्या घालवा. एक चपटा कृमी पिसवेतूनच येतो, कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि गोळी दिली तरी महिन्याभरात पुन्हा तेच.

लोक ज्या ओळीवर वाद घालत ती तपासणी फी. "टोचायला दहा सेकंद लागतात, त्याचे एवढे?" फी टोचण्याची नसते हो. त्याआधी छातीला नळी लावतात, दात बघतात, पोट चाचपतात, वजन लिहितात, त्याची असते. मी असते तर सगळ्यांत शेवटी हिला हात लावला असता. वाद घालायचाच तर त्या एका आकड्यावर घाला. ओळवार बिल मागा. देतात. न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही.

दिरांना चहा द्या, सुई देऊ नका. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. दुकानापासून घरापर्यंत पिशवीत ती काय भोगून आली ते बाटलीकडे बघून कळत नाही. जिवंत लस कालवली की लगेच टोचायची असते. कधी कधी मिनिटांत तोंड सुजतं, कुत्रा कोसळतो, तेव्हा घरात औषध नसतं. आणि कार्डावर डॉक्टरांची सही नसेल तर ती लस बाकी जगाच्या लेखी झालेलीच नाही.

टिपकागद

विम्याचं कुणी बोललं नाही म्हणून. मी घेतला आहे. साध्या पॉलिसीत लस, जंताची गोळी, वार्षिक तपासणी सहसा धरत नाहीत, अपघात आणि आजारपण धरतात. आधीपासून असलेला आजारही बाहेर. नेहमीच्या खर्चासाठी विमा घेत असाल तर आधी बारीक अक्षरं वाचा. मी नंतर वाचली.

खरडवही

काउंटरपलीकडे, तुम्ही माझी आधीची अकरा वर्षं कुठे होतात! स्टिकर सापडलं. पहिल्या बाटलीत लेप्टो नव्हती. म्हणजे तो डोस बरोबर होता आणि मी वर्षभर मनातल्या मनात त्या माणसाला नावं ठेवत बसले.

आणखी एक क्षुद्र शंका. गोचिडांच्या गोळीचा एक पुडा २० किलोपर्यंतचा, पुढचा त्याहून वरचा आणि महाग. ढब्बू २०.३. तीनशे ग्रॅमसाठी वरचा? आणि लसही वजनावर असते का? ठकीला अर्धी चालेल?

सोफ्याचं वाटोळं

लस वजनावर नसते. वासराएवढ्या कुत्र्याला आणि पिशवीत मावणाऱ्या कुत्र्याला तेवढीच. अर्धी दिली तर अर्धा खर्च नव्हे, अख्खी लस फुकट. गोचिडांचं आणि जंतांचं औषध मात्र वजनावरच, तिथे कमी देऊन चालत नाही.

आता एक गोष्ट कृपा करून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. ढब्बूच्या मानेवर टाकायचं थेंबांचं औषध उरलं म्हणून ठकीला लावू नका, कधीच. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. माझ्या मावशीने 'दोनच थेंब' लावले होते. संध्याकाळी मांजर थडथडायला लागलं, रात्रभर झटके. वाचलं, पण पुढे महिनाभर मावशी त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. आपली पॅरासिटामॉलची गोळीही तशीच, मांजराला विषच.

ठकीला न्या. घरातल्या मांजराच्या मुख्य लसी तीन वर्षांनी चालतात, पण अजिबातच नको असं नाही. मांजरांचा तो जीवघेणा हगवणीचा विषाणू पार्वोचाच भाऊबंद, तो तुमच्या चपलेला लागून आत येतो. ठकी बाहेर जात नसेल, तुम्ही जाता ना? रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूची लस मात्र बाहेर हुंदडणाऱ्या मांजरांसाठी आणि पिल्लांसाठी, एकट्या घरकोंबडीला ती टाळता येते.

खरडवही

काल दोघांना नेऊन आणलं.

ओळवार बिल मागितलं. समोरच्या मुलाने मान वर केली, "कशाला?" विचारलं आणि छापून दिलं. तेरा ओळी. कोरोना गेली. खोकल्याची गेली, ढब्बूचे मित्र दोनच आणि तेही जाळीपलीकडचे. जंताची गोळी तीन महिन्यांवर आली, डॉक्टर म्हणाले महिन्याचं ते सगळ्यांनाच छापून देतात. सुटी लेप्टो मागवून ठेवू म्हणाले. एवढ्यावर मी खुशीत होते. मग ढब्बू त्यांच्या काट्यावर चढला: २१.१. मी त्याला उचलून घेऊन काट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते. म्हणजे घरचा काटा खोटं बोलतो, आणि ते फक्त ढब्बूच्याच बाबतीत असेल असं नाही. वरचा पुडा घेतला.

ठकीचं निराळंच झालं. दोन वर्षांपूर्वी कार्डावर ४.४ किलो लिहिलंय. काल ३.७. मला वाटलं सातशे ग्रॅम म्हणजे काय. डॉक्टरांनी हिशोब सांगितला: साठ किलोच्या माणसाचे साडेनऊ किलो उतरण्यासारखं. रोज मांडीवर बसते आणि मला कळलं नाही. पाणी जास्त पिते का, विचारलं. पिते. मी ते उन्हाळ्यावर ढकललं होतं. मूत्रपिंडांची बरीचशी ताकद गेल्याशिवाय रक्तात काही दिसत नाही म्हणे, म्हणून रक्त घेतलंच, लघवीही तपासायची आहे. लस आज नको, रिपोर्ट बघून ठरवू असं म्हणाले. ढब्बूच्या पानावर जे वाचलं ते ठकीच्या पानावर गेलं, वर थोडं आणखी.

रिपोर्ट परवा. तोवर लघवीचा नमुना घरून आणायला सांगितलाय, हातात एक छोटी डबी दिली आहे. मांजराचा नमुना धरतात कसा? ठकी माझ्याकडे बघून ट्रेमध्ये जातच नाही.

सोफ्याचं वाटोळं

डबी घेऊन मागे फिरू नका, ती दिवसभर धरून ठेवेल. दवाखान्यात न शोषणारे प्लॅस्टिकचे दाणे मिळतात. ट्रे धुऊन कोरडा करायचा, नेहमीच्या मातीऐवजी ते दाणे घालायचे आणि रात्री तिला दार लावून त्या खोलीत ठेवायचं. सकाळी ट्रे तिरका करा, सिरिंजने ओढून डबीत भरा आणि लगेच पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठी विसरू नका, आमच्याकडे सासऱ्यांनी डबी उघडली होती.