कपाटातल्या जुन्या आवडी : काय टिकतं, काय नाही, आणि का?

लहानपणी ज्याच्यावर किंवा जिच्यावर जीव ओवाळून टाकला त्यांची पोस्टरं, वहीत चिकटवलेली कात्रणं, छातीवर चित्र असलेला टीशर्ट, कॅसेटी, विंचरून विंचरून केस गेलेली बाहुली. पुष्कळ वर्षांनी पेटी उघडली की यातलं काही पिवळं पडलेलं असतं, काही चिकट झालेलं असतं आणि काहींचा भुगा झालेला असतो. कोण आवडायचं आणि का, यावर आपण भरपूर बोलतो. या धाग्यात वस्तूंबद्दल लिहा. कशाचं काय बिघडतं, कशामुळे बिघडतं आणि घरच्या घरी काय करता येतं, हे मापं, तापमान आणि साहित्यासकट येऊ द्या. "नीट जपून ठेवा" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

पोस्टरपासून सुरुवात करते.

पोस्टरचा पहिला शत्रू ऊन, दुसरी सेलोटेप. टेपचा चिकट थर आधी मऊ पडून कागदात मुरतो, नंतर वाळून तपकिरी होतो. मग वरची पट्टी आपोआप गळते आणि वाटतं, चला सुटलो. पण तोवर डाग कागदाच्या आत उतरलेला असतो आणि तो घरी निघत नाही. पट्टी अजून धरून असेल तर हेअर ड्रायर मंद ठेवून हातभर अंतरावरून वीस-तीस सेकंद ऊब द्या. मग पट्टी वर न ओढता तिच्यावरच दुमडून, कागदाला जवळजवळ समांतर, मिलिमीटर-मिलिमीटरने मागे न्या. शाई उचलली जाताना दिसली की थांबा. उरलेली पट्टी तशीच राहिलेली परवडते, नायकाचं अर्धं नाक गेलेलं परवडत नाही.

गुंडाळून ठेवलेलं पोस्टर सरळ करायला उलट्या बाजूने गुंडाळू नका, शाईच्या थराला बारीक तडे जातात. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर सपाट फळी आणि फळीवर पुस्तकं, आठवडा-दहा दिवस. गुंडाळूनच ठेवायचं असेल तर निदान १० सेंमी व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळा. पोस्टर ज्या बारक्या नळीतून येतं ती फक्त टपालापुरती असते.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट हवाच, निदान दोन-तीन मिलिमीटरचा. काच कागदाला टेकली की दमट हवेत चकचकीत कागद काचेलाच चिकटतो, मग दोन्ही एकत्रच जपायची. लॅमिनेशन तर अजिबात नको. गरम केलेला चिकट थर कागदात उतरतो, तो परत काढता येत नाही.

*

+१. भिंतीला डाग नको म्हणून पोस्टर चिकटवायला वापरतात ती निळी-पांढरी पुट्टीही तितकीशी साधी नाही. तिच्यातलं तेल काही महिन्यांत कागदात झिरपतं आणि चारही कोपऱ्यांत पुढच्या बाजूने पारदर्शक डाग दिसू लागतात. पोस्टर मोलाचं असेल तर ते पारदर्शक खिशात सरकवा आणि खिसा भिंतीला लावा. खिसा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचा हवा, पीव्हीसीचा नको. पीव्हीसी नाकाला कळतं, नव्या रेनकोटसारखा वास येतो.

*

कात्रणवह्यांबद्दल. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा पडून ठिसूळ होतो. शेजारच्या चांगल्या कागदावरही त्याची तपकिरी सावली उमटते. म्हणून वर्तमानपत्रातली कात्रणं आणि खरे फोटो एकाच पानावर ठेवू नयेत.

सर्वांत वाईट ते चिकट पानांचे अल्बम, पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा आणि वर पारदर्शक पापुद्रा असलेले. तो गोंद वर्षानुवर्षं पिवळा आणि घट्ट होत जातो. काहीही उचकटण्याआधी पूर्ण पानाचा फोटो काढून ठेवा. मग दातांसाठीचा बिनमेणाचा फ्लॉस दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा पुढे-मागे चालवत तिरका न्या. फोटो वाकवायचा नाही, दोराच सरकला पाहिजे. अडला तर तिथे जोर न लावता दुसऱ्या कोपऱ्यातून या.

मासिकातली चित्रं स्कॅन केली की चेहऱ्यावर जाळी दिसते, कारण छपाई ठिपक्यांची असते आणि स्कॅनरचे ठिपके तिच्याशी जुळत नाहीत. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये 'डीस्क्रीन' असतं ते चालू करा. नसेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून आकार निम्मा करा, जाळी बरीच विरते. खऱ्या फोटोंना डीस्क्रीन लावू नका, उगाच मऊ होतात.

आणि मासिकं भिजली तर घाई करा. चकचकीत कागदावर चिकणमातीसारख्या पांढऱ्या भुकटीचा थर असतो. तो ओला झाला की गोंदासारखा वागतो आणि वाळताना पानांची वीट करून टाकतो. ओली असतानाच पानं सोडवून मध्ये टिपकागद घाला. तेवढा वेळ नसेल तर गठ्ठा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. दुरुस्ती होत नाही, पण सवड मिळते.

*

टीशर्टवरच्या छपाईचे दोन प्रकार ओळखता आले की निम्मं काम झालं. चित्रावर बोट फिरवा. रबरासारखा थर हाताला लागला तर प्लास्टिसॉल, कापडच हाताला लागलं तर पाण्यातली शाई. पाण्यातल्या शाईला तडे जात नाहीत, ती फक्त फिकी होते. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य. छापताना तो थर सुमारे १६० अंशांपर्यंत आतपर्यंत तापावा लागतो. कच्चा राहिला तर दहा-बारा धुण्यांतच तडकतो, तिथे तुमची काही चूक नसते.

चांगला भाजलेला थरही ड्रायरच्या उष्णतेने आणि ओल्यापणी ताणल्याने फुटतो. म्हणून उलटा करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि चिमटे खालच्या काठाला लावा, खांद्यांना नाही. इस्त्री चित्रावर थेट कधीच नको, उलट्या बाजूने करा. घडी घालताना चित्राला चित्र टेकू देऊ नका, मध्ये बटर पेपर ठेवा. तडकलेलं चित्र पुन्हा अखंड होत नाही. इस्त्रीने 'वितळवून जोडा' असे व्हिडिओ दिसतात, पण त्यातून चमकणारे चट्टेच पडतात. उष्णतेने चिकटवलेला विनाइलचा कागद सुटत असेल तर मात्र बटर पेपर ठेवून साधारण १५० अंशांवर १०-१५ सेकंद दाबून धरल्यावर तो परत बसतो.

*

काखेतल्या पिवळ्या डागांचं राहिलं. घामाचा वास आणि ओल थांबवणाऱ्या फवाऱ्यांतले अॅल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून तो डाग तयार करतात. क्लोरीनचं ब्लीच घातलं तर डाग उलट गडद होतो. सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजनवालं, बिनक्लोरीनचं ब्लीच) वापरा : चार लिटर पाणी, ४० ते ५० अंश, दोन मोठे चमचे भुकटी, आधी पूर्ण विरघळवून, तासभर. लोकर आणि रेशीम यात घालायचं नाही.

*

डेनिमवाल्यांनी अजून हजेरी लावली नाही, म्हणून मी.

डेनिममध्ये सहसा उभा धागा निळीचा आणि आडवा पांढरा असतो. निळीचा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसतो, गाभा पांढराच राहतो. घासलं की पांढरं दिसतं ते यामुळे. मीठ किंवा व्हिनेगर घालून हा रंग 'पक्का' होत नाही, कितीही सांगितलं तरी. उलटी करून गार पाणी, कमी फेरे, सावली, एवढंच हातात आहे. न धुतलेलं कोरं डेनिम आटवून आलेलं नसेल तर पहिल्या भिजवणीत ७ ते १० टक्के आटतं, आटवून आलेलं १ ते ३ टक्के. लांबी कमी करायची असेल तर त्यानंतरच.

खिशांच्या कोपऱ्यांना धातूच्या रिव्हेट ठोकायचं पेटंट जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ ला मिळालं. तेव्हापासून खिसे टिकतात, पण पँट जाते ती जांघेत. तिथे भोक पडायची वाट पाहू नका. कापड उजेडासमोर धरा, आडवे पांढरे धागेच दिसू लागले की दुरुस्तीची वेळ झाली. आधी धुवा. मग आतून पातळ सुती कापडाचं ठिगळ लावा, विरलेल्या जागेपेक्षा चारही बाजूंनी २ सेंमी मोठं. मशीनला १६ नंबरची सुई घाला आणि उभ्या धाग्याच्या दिशेने पुढे-मागे रेघा मारा, दोन रेघांत २-३ मिमी अंतर. सगळ्या रेघा एकाच ओळीत संपवू नका, काही आखूड काही लांब ठेवा, नाहीतर ठिगळाच्या कडेला सरळ फाटतं. धागा जाड घेण्याचा मोह टाळा, जाड धागा विरलेल्या कापडाला कापतो. इस्त्रीने चिकटणारी ठिगळंही याच कारणाने नकोत, त्यांची कड ताठ असते.

*

रेक्झिनच्या जाकिटाला उपाय नाही, हे सांगून टाकतो. कापडावर पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो. हवेतला ओलावा त्या थरातल्या रेणूंची साखळी तोडत जातो आणि मग पापुद्रे सुटतात. तेल, क्रीम, चामड्याचं पॉलिश काहीही लावा, थर पुन्हा जोडला जात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवलं की ओलावा आत अडकतो आणि प्रकरण लवकर आटोपतं. खरं चामडं असेल तर गोष्ट वेगळी.

बुटांचंही तेच. न घातलेला, खोक्यात जपलेला बूट दहा-पंधरा वर्षांनी पायात घालावा आणि चार पावलांत तळ भुग्यासारखा गळावा, तो पॉलियुरेथेनचा मधला थर. ईव्हीएचा (दुसऱ्या एका फेसाळ प्लॅस्टिकचा) थर असा गळत नाही, तो फक्त चेपतो. दुरुस्ती म्हणजे जुना थर पूर्ण खरवडून नवा तळ बसवणं. नुसता गोंद लावून उपयोग नाही, कारण गोंद भुग्याला चिकटतो.

*

बाहुल्या. (बार्बी पहिल्यांदा ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात आली, म्हणजे तिच्या आजारांवर अभ्यास करायला लोकांना भरपूर वेळ मिळालाय.)

कानाभोवती हिरवा डाग : धातूच्या कानातल्यातलं तांबं विनाइलमध्ये, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये, उतरतं. आधी कानातलं काढा. मुरुमांवरचं १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम फक्त डागावर लावा, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळा आणि उजेडात ठेवा. रोज पुसून बघायचं. काही दिवस ते काही आठवडे लागतात. हेच मलम गालाच्या रंगावर गेलं तर तोही जातो.

चिकट पाय : विनाइलला मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतंय. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पुसा, उघड्यावर ठेवा. काही महिन्यांनी पुन्हा येईल, पुन्हा धुवा.

केस : धुऊन, ओले असताना कंडिशनर लावून टोकापासून वर या, धातूच्या बारीक कंगव्याने, एका वेळी बोटभर बट. मुळापासून ओढलं की टाळूतली टाक्यांची भोकं रिकामी होतात. कृत्रिम केस एका प्रकारचे नसतात. काहींना गरम पाण्याने छान वळण बसतं, काही त्याच पाण्यात कुरकुरीत होतात. मानेजवळची आतली एक बट बुडवून बघितल्याशिवाय डोक्यावर किटली ओतू नका.

*

बाहुल्यांच्या पेटीत डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडून विरूप होतं. लोकरीच्या वस्तूंना कसर लागली असेल तर वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर लोकरीवर पाणी धरतं.

*

पिवळे पडलेले व्हिडिओ गेम, म्हणजे त्यांचं प्लॅस्टिकचं कवच : हायड्रोजन पेरॉक्साइडचं ६ ते १२ टक्क्यांचं क्रीम आणि ऊन, चार ते आठ तास. आधी सर्व स्क्रू, सर्किट आणि स्प्रिंगा काढा, छापील लेबलं झाका, हातमोजे आणि चष्मा घाला. पट्टे पडतात ते क्रीम मधे मधे वाळल्यामुळे. म्हणून वर पातळ प्लॅस्टिक लावा आणि दर तासाला क्रीम फिरवून तुकडा वळवा. काही वर्षांनी पिवळेपणा परततो, अंधारातही. हे माझं वैयक्तिक मत, एकसारखा पिवळा असेल तर राहू द्यावा.

*

कॅसेट. फिलिप्सने १९६३ मध्ये आणली. फीत ३.८१ मिमी रुंद, चाल सेकंदाला ४.७६ सेंमी. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत १६-१८ मायक्रॉन जाड, नव्वदची सुमारे १२, एकशेवीसची ९ च्या आसपास. अडकून चुरगळणाऱ्या कॅसेटींत एकशेवीसच जास्त का, ते यावरून कळेल.

बऱ्याच वर्षांनी वाजवायची असेल तर आधी पेन्सिल घालून हाताने दोन-चार फेरे फिरवा. सहज फिरली तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, मग वाजवा. त्याआधी खालच्या बाजूच्या मधल्या खिडकीत बघा, पितळी पट्टीवर छोटी फेल्टची गादी असते. ती गळालेली असेल तर आवाज दबका आणि लाटांसारखा येतो आणि लोक फितीला दोष देतात. बिनकामाच्या कॅसेटमधली गादी पट्टीसकट काढून बसवा. पाच स्क्रूची कॅसेट उघडते, चिकटवून बंद केलेली सांध्यावर पातीने फोडून फीत नव्या डबीत घालावी लागते.

तुटलेली फीत सेलोटेपने जोडू नका, तिचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. स्प्लायसिंग टेप (फीत जोडायची खास पट्टी) घ्या. दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका. टेप लावायची ती हेडला (यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला) लागणाऱ्या बाजूच्या उलट, म्हणजे आतल्या बाजूला.

हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, फीत ओढणाऱ्या रबराच्या चाकाला साबणाचं पाणी. एवढं करूनही गायक कांबळं पांघरून गातोय असं वाटलं तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू बघा. हेड फितीला काटकोनात नसेल तर वरचे सूर गायब होतात. डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोत ऐका, कॅसेट चालू असतानाच स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवा आणि झांजांचा 'स' सर्वांत स्पष्ट येईल तिथे सोडा. मूळ जागेची खूण आधी पेनने करून ठेवा. दुसऱ्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटसाठी स्क्रू फिरवला असेल तर काम झाल्यावर परत त्याच खुणेवर आणायचा असतो.