'फॅनडम'ला मराठीत काय म्हणाल? स्मरणिकेसाठी हवं आहे, घाई आहे

कुळागर
आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाची स्मरणिका यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. भाची बारावीला आहे, तिने इंग्रजीत लेख लिहून दिला: लोक नटांवर, गाणाऱ्यांवर एवढा जीव का टाकतात आणि त्या प्रेमाचा चटका कुणाला बसतो. मराठी करायचं काम माझं. 'फॅन'ला मी 'रसिक' लिहिलं, तिने खोडलं. म्हणे, "मामा, रसिक मान डोलावतो आणि घरी जातो. फॅन घरी जात नाही." मग 'चाहता' केलं, तर 'फॅनडम'ला अडलो. चाहतावर्ग म्हणजे नुसती माणसं झाली. त्यांची भांडणं, शपथा, आपसातली बोली, या सगळ्या प्रकाराला मिळून शब्द पाहिजे. लेखाचं नाव 'कलावंत आणि त्यांचे...' इथे येऊन थांबलं आहे. (त्यातल्या पहिल्याच शब्दावर मावशी रुसली आहे, पण तो घरचा प्रश्न.)

कांपाल
'चाहता' कशाला, ती हिंदीची उसनवारी. 'रसिक' हाच आपला शब्द. भाचीला सांगा, रसिक घरी जातो हे तिला कुणी सांगितलं? गोव्यात जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं आणि माणसं चटईवरून उठायची नाहीत.

म्हादईकाठ
चाहणे हे क्रियापद मराठीत जुनंच आहे, हिंदीच्या नावाने का घालवता? आणि 'फॅनडम'ला 'चाहतेशाही' करा. पेशवाई, मोगलाई, चाहतेशाही. राज्यच असतं ते.

दोन_तंबोरे
भाचीचं बरोबर आहे. संस्कृतात 'सहृदय' आहे, 'रसिक' आहे, पण दोघेही बसून असतात. कालिदास म्हणतो, नाटक हे 'भिन्नरुचेर्जनस्य बहुधाप्येकं समाराधनम्', वेगवेगळ्या आवडीच्या लोकांचं एकत्र रंजन. त्यात कुणी कुणासाठी भांडत नाही. मला भवभूतीचा 'समानधर्मा', म्हणजे आपल्याच वृत्तीचा माणूस, जवळचा वाटतो. हयातीत लोकांनी नाक मुरडलं तेव्हा त्याने लिहिलं की माझा समानधर्मा कधीतरी जन्माला येईल, 'कालो ह्ययं निरवधिर्विपुला च पृथ्वी', काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. लेखकच अजून न जन्मलेल्या फॅनची वाट बघत बसला आहे. ही कल्पना इंग्रजीतल्या शब्दात नाही.

कांपाल
स्मरणिकेत 'समानधर्मा' छापलं तर लोकांना वाटेल धर्मांतरावर लेख आहे.

बाराखडी
'फॅन' शब्दच मुळात 'फॅनॅटिक'चा तुकडा. आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फानुम', म्हणजे देऊळ. देवळात अंगात आलेला तो फॅन. आपल्याकडे त्याला 'भक्त' म्हणत, पण हल्ली त्या शब्दाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, सोडून द्या.

म्हादईकाठ
मी 'फॅन्सी'वरून आला असं वाचलं होतं.

बाराखडी
तोही पक्ष आहे, पण देवळाचा मला आवडतो.

सुपारीचं_खांड
आवडतो म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. असो. कुळागर, मावशी का रुसली ते सांगाल का? मला अंदाज आहे.

कुळागर
सांगतो. तिने कच्चा छापील कागद वाचला आणि 'कलावंत' शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हे काढ. आमच्या घरावर हा शब्द दगडासारखा पडायचा." मी म्हटलं, अगे, आता सगळीकडे कलाकारांनाच कलावंत म्हणतात. ती म्हणाली, "म्हणू देत. तू म्हणू नको."

कांपाल
हे अति होतंय. कला अधिक वंत. भगवंत, धनवंत, तसाच कलावंत, एकच प्रत्यय. अकबराच्या दरबारात ध्रुपद गाणाऱ्यांना कलावंत म्हणत, केवढा मान! महाराष्ट्र सरकारची वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना आहे. काही लोकांना दुखतं म्हणून शुद्ध शब्द कोशातून काढायचा?

सुपारीचं_खांड
कोशातून काढा कोण म्हणालं? गोव्यात 'कलावंत' ही देवळाशी बांधलेली जात होती, हे पणजीत राहून माहीत नसेल तर कठीण. देवळात गाणं-नाच, आणि बाईला एक 'यजमान'. महाराष्ट्रात यजमान म्हणजे घरधनी, इथे त्या बाईला ठेवणारा. समाजाने पुढे ते नावच टाकलं आणि गोमंतक मराठा समाज हे नाव स्वतः घेतलं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर त्याच समाजातले. ज्यांनी नाव टाकलं त्यांच्या हातात तुम्ही प्रत्यय समजावत परत देणार?

दोन_तंबोरे
माझी आजी त्यातली. लहानपणी शाळेत बापाचं नाव विचारलं की तिथे आईचं सांगायची आणि मास्तर हसायचे, हे ती आम्हाला गंमत म्हणून सांगायची. गंमत नव्हती ती. पण तीच आजी केसरबाई केरकरांचं गाणं रेकॉर्डवर लागलं की हातातलं काम ठेवायची.

म्हादईकाठ
केसरबाईंचं घ्याच मग. केरी गावची बाई, १८९२ चा जन्म. 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या तबकडीवर अवकाशात गेली आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. आता त्यांच्या नावाचा संगीत समारोह होतो, सगळे अभिमानाने 'आमच्या गोव्याच्या' म्हणतात. पण स्मरणिकांतले परिचय वाचा. 'संगीताचा वारसा लाभलेल्या घरात जन्म' इथे वाक्य संपतं. कुठला वारसा, कुणी दिला, काय किंमत घेऊन, त्यावर पडदा. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी तर साळावली धरणाखालीच गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की माणसं जाऊन देऊळ बघून येतात.

बाराखडी
बघा, मी काय म्हणत होतो! फॅनच्या मुळाशी देऊळ, आणि आपल्याकडे गाणारी बाईच देवळाची. डोकं टेकायला गेलेला एक, बांधून ठेवलेली दुसरी. योगायोग असेल, पण भाचीच्या लेखात हे घाला.

सुपारीचं_खांड
योगायोगच आहे. घालू नका. बारावीच्या मुलीच्या माथी लॅटिन मारू नका.

कांपाल
मग बालगंधर्वांचे ते रसिक का फॅन? 'मानापमाना'चा पहिला प्रयोग १९११ चा, मूल गेलेलं असताना ते उभे राहिले, म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं. बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या. हे रसिकपणच होतं.

दोन_तंबोरे
आणि बालगंधर्वांनी पुढे जिच्याशी संसार केला त्या गायिका गोहरबाईंना त्याच रसिकांनी काय काय म्हटलं? देवाला बिघडवणारी म्हणून. त्यांचंही गाणं होतं, ते कुणी ऐकलं? इथेच भाचीचा शब्द लागतो. रसिकाला गाणं पुरतं. फॅनला गाण्यासोबत एक खलनायिकाही लागते, आणि ती बहुतेक वेळा बाईच.

म्हादईकाठ
हे लेखात घाला. मी 'चाहतेशाही' मागे घेतो, तुम्ही तिथे 'गोतावळा' घाला. गोतावळ्यात माया पण असते आणि भाऊबंदकी पण.

कांपाल
गोतावळा म्हणजे नातलग. अर्थाशी खेळू नका.

म्हादईकाठ
'कलावंत'चा अर्थ एक प्रत्यय लावून ठरवणाऱ्याने हे बोलावं?

उंडीवाला
मधेच शिरतो. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, लोकांना विचारलं का? त्यांच्याकडे काय म्हणतात? आणि हे सगळं मराठीतच का, कोंकणीत...

सुपारीचं_खांड
नको. तो मराठी-कोंकणी वादाचा धागा १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून चालू आहे, इथे आणू नका.

कुळागर
मंडळी, आभार, पण सोमवारी छपाईला द्यायचं आहे. मावशीला विचारलं, मग काय लिहू? म्हणाली, "गाणारी माणसं. नाटकवाली माणसं. आहेत ती तशी लिही." तेवढं बदललं. मग भाचीने स्वतःच मधे पेन्सिलने 'फॅनडम' लिहिलं, देवनागरीत, आणि झोपायला गेली. आता नाव झालं 'गाणारी आणि नाटकवाली माणसं आणि त्यांचं फॅनडम'. एका ओळीत मावत नाही. छापणारा म्हणतो, टंक लहान करूया.

कांपाल
'मुद्रक' म्हणा.